नुसता पेला

अल्हाम्ब्रा बघून खाली उतरलेला माणूस मी पन्नास पावलांवरून ओळखतो. पाय फरपटत असतात, नाकाचा शेंडा लाल झालेला असतो आणि तोंडावर असा भाव, जणू राजवाडा यानेच बांधला. मग तो आमच्या रेआलेखो वस्तीतल्या गल्लीत शिरतो, बारच्या दारात उभा राहून विचारतो, ‘‘इथलं खास काय?’’ मी सांगतो, ‘‘दार. आत आलात की लावून घ्या, माशा येतात.’’

याला आमच्याकडे मालाफोया म्हणतात. ग्रानादाच्या माणसाच्या जिभेला ही कडू चव जन्मतःच असते, तिचा राग इथलं कुणी मानत नाही. मी तर चौतीस वर्षं वेटर आहे, त्यामुळे माझी जरा जास्तच मुरलेली. एलादियोने नीट उत्तर दिलं तर त्याला ताप आला असेल, असं गल्लीत म्हणतात. म्हणू देत.

पण एक गोष्ट माझ्याबद्दल परवापरवापर्यंत कुणाला म्हणता येत नव्हती. ती म्हणजे, मी कुणापुढे नुसता पेला ठेवला. ग्रानादात पेल्याबरोबर बशी येते, तिला तापा म्हणतात. तिचे वेगळे पैसे नसतात आणि तिच्यात काय असावं हे गिऱ्हाईक ठरवत नाही, स्वयंपाकघर ठरवतं. पहिल्या पेल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. एका बैठकीत तीच बशी दोनदा द्यायची नाही. कोण कितव्या पेल्यावर आहे ते माझ्या डोक्यात असतं. कागद नाही, पेन्सिल नाही. मी खिडकीकडे तोंड करून फक्त हाक द्यायची, ‘‘दोन पहिल्या, एक तिसरी,’’ की आतून स्वयंपाकीण आंगुस्तियास बशा सरकवते. कुणासाठी हे ती विचारत नाही. सव्वीस वर्षं ती आत आणि मी बाहेर, आणि आमच्या मध्ये हातभर खिडकी.

कोपऱ्यातली जागा लेओन्सियोमास्तरांची. सगळा जन्म गिटारी बनवण्यात गेला, आता बोटं वाकडी झालीत. बायको गेली, मुलगी बार्सेलोनात. दुपारी दीडला येतात, तीन छोट्या बिअर घेतात, तीन बशा खातात. तेच त्यांचं जेवण. हे त्यांना माहीत, आम्हाला माहीत, आणि कुणी तसं बोलून दाखवत नाही. त्यांची तिसरी बशी जरा जड असते, हेही कुणी बोलत नाही.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना मालक डॉन निकासियो यांचे गुडघे गेले आणि ते वरच्या मजल्यावर जाऊन बसले. खाली आले त्यांचे जावईबुवा. नाव बोर्खा, गाव माद्रिद, पायात मोजे नाहीत. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘‘एलादियो, मित्रा, आपण जेवण नाही विकत. आपण अनुभव विकतो.’’

खिडकीतून आंगुस्तियास म्हणाली, ‘‘मग भांडी घासायला अनुभवच येणार का?’’

तो हसला. हाच त्याचा वाईट गुण, टोमणा मारला तरी हसतो. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

महिन्याभरात त्याने मेनूकार्ड आणलं, प्लास्टिकचं, चित्रांचं. कारण अल्हाम्ब्रा बघून आलेल्या माणसाला वाचता येत नाही, असा त्याचा समज. पहिल्याच पानावर पाएया, म्हणजे केशर घातलेला भात. आता पाएया वालेन्सियाची, आमचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, पण चित्रात ती इतकी पिवळीधमक होती की बघूनच कावीळ व्हावी. खाली लिहिलं होतं, ‘आजीच्या हातची’. कुणाची आजी, विचारू नका.

एप्रिलमध्ये एका सोमवारी त्याने आम्हा दोघांना बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. एका परदेशी प्रवासी कंपनीची बाई गुरुवारी येणार होती. तिची माणसं सकाळी राजवाडा बघणार, दुपारी ‘खास इथलं’ जेवणार, आणि कुठे जेवणार ते ही बाई ठरवणार. ‘‘तिने आपलं मेनूकार्ड पसंत केलं तर स्वयंपाकघर जसंच्या तसं राहील,’’ तो म्हणाला. ‘‘नाही केलं, तर मला परवडणार नाही, आंगुस्तियास. खरंच नाही परवडणार. तयार पदार्थ पिशव्यांतून येतात हल्ली, गरम केले की झालं. त्याला स्वयंपाकीण लागत नाही.’’

आंगुस्तियास एकसष्ट वर्षांची होती. पेन्शनला चार वर्षं बाकी. नवरा कमरेतून अधू, घरी बसलेला. एवढ्या वयाच्या बाईला दुसरं स्वयंपाकघर कोण देणार? ती हात पुसत राहिली. मग म्हणाली, ‘‘पाएया मी करणार नाही.’’

‘‘मग काय करशील?’’

‘‘करडू.’’

म्हणजे करडाचं लसणातलं मटण. ते वर्षातून तीनचार वेळाच ती करायची आणि त्या दिवशी गल्लीतली माणसं उगाचच आमच्या दारावरून दोनदोन फेऱ्या मारायची. बोर्खाने मान डोलावली. मग माझ्याकडे वळला. ‘‘आणि एक. गुरुवारी त्या बाईला फुकटचं काही द्यायचं नाही. एक ऑलिव्हसुद्धा नाही. ती बशांनीच पोट भरेल, मग मेनूकार्ड कशाला उघडेल?’’

‘‘नुसता पेला ठेवू?’’

‘‘नुसता पेला ठेव. जगभर तसाच ठेवतात.’’

जगभर काय काय करतात ते मला त्याला सांगायचं होतं, पण आंगुस्तियासने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

बुधवारी तिने मटणाची तयारी घेतली. करडाचं काळीज तळलं, लसूण, बदाम आणि तळलेला पाव घालून खलबत्त्यात कुटायला बसली. मी खिडकीत कोपर टेकून उभा होतो. ती कुटताना तिच्याशी बोलू नये, हा नियम मी रोज मोडायचो.

‘‘एवढा जीव काढतेस, आणि ती बाई उद्या टोमॅटो सॉस मागेल.’’

‘‘मागू दे. मी देईन. पेन्शन होईपर्यंत मी तिला मटणावर साखर घालून देईन.’’ तिने बत्ता थांबवला. ‘‘एलादियो, तुझं हे थोबाड उद्या जरा ताळ्यावर ठेव. आणि एक ऑलिव्हही नाही. कळलं?’’

‘‘कळलं.’’

‘‘शपथ घे.’’

‘‘अगं, लहान पोर आहे का मी?’’

‘‘तू लहान पोर असतास तर मी शपथ घ्यायला लावली नसती. घे.’’

ज्या देवमातेचं नाव तिला ठेवलंय तिचीच शपथ मी घेतली. ती आमच्या शहराची राखणदार आहे, तेव्हा ही शपथ म्हणजे पोरखेळ नव्हे.

गुरुवारी करडाचा वास सकाळी अकरालाच गल्लीत गेला. एक वाजता बार गच्च. बोर्खाने आतल्या टेबलावर पांढरं कापड घातलं, वर मेनूकार्ड उभं केलं आणि बाईला सन्मानाने आणायला खाली चौकात जाऊन उभा राहिला. बाई अर्थातच चौकातून आली नाही. वरच्या पायऱ्यांनी चालत उतरली. सरळ काउंटरपाशी, मास्तरांच्या शेजारी येऊन टेकली.

‘‘मी मारिट,’’ मोडक्या स्पॅनिशमध्ये ती म्हणाली. ‘‘बोर्खाला भेटायचंय.’’

‘‘चौकात तुमची वाट बघतोय. येईल. टेबल तिकडे आहे.’’

‘‘तिथे बसले की मग उठता येणार नाही. इथेच बरी आहे. एक छोटी बिअर द्याल?’’

मी बिअर भरली. डावीकडून गल्लीतला सुतार बिअर मागत होता, उजवीकडे दोघांचा दुसरा पेला, मागे दारात आणखी चारजण. मी नेहमीसारखा खिडकीकडे तोंड करून ओरडलो, ‘‘तीन पहिल्या, दोन दुसऱ्या,’’ आणि बशा आल्या, आणि हात आपोआप चालले. बशी त्या बाईपुढे टेकली तेव्हा माझ्या लक्षात आलं. संत्र्याच्या फोडी, खारवलेला मासा, वर तेल. उचलून परत घेणार होतो, तेवढ्यात तिने एक फोड तोंडात टाकली.

‘‘मी हे मागवलं नव्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘इथे मागवत नाहीत,’’ मास्तर तिला म्हणाले. ‘‘इथे येतं.’’

ही पहिली बशी सवयीची होती. तिचं पाप मी माझ्यावर घेत नाही. चौतीस वर्षांचे हात एका सोमवारच्या बैठकीने बदलत नाहीत.

दुसरीचं सांगतो. तिने दुसरी बिअर मागितली, मास्तरांचीही दुसरी त्याच वेळी. मला पूर्ण शुद्ध होती. मी शपथही आठवली. पण मास्तरांपुढे बशी ठेवायची आणि वीतभर अंतरावर तिच्यापुढे नुसता पेला आपटायचा? सगळा बार बघत होता. सुतार बघत होता. उद्या गल्लीत म्हणाले असते, एलादियो आता माद्रिदवाल्यासारखा पेले ठेवायला लागला. ते मला सोसवलं नसतं. मी ओरडलो, ‘‘दोन दुसऱ्या,’’ आणि आत ती बिचारी काय ओळखणार? तिला नुसते आकडे ऐकू येतात. तळलेल्या वांग्याच्या चकत्या आल्या, वर काकवी.

बाईने फोटो काढला नाही. पावाने काकवी पुसून खाल्ली, मास्तरांना गिटारीबद्दल विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकून घेतलं. मला तिला नावं ठेवायची होती, पण तिने तेवढीही सोय ठेवली नाही. तिसऱ्या पेल्याला मी काही विचारच केला नाही. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. ‘‘दोन तिसऱ्या.’’ आतून खिम्याचे गोळे आले, एकेक अंड्याएवढा, रश्शात बुडालेला. त्या वेळची तिसरी मास्तरांची हे आत ठाऊक, म्हणून ती जड, आणि जोडीची तिचीही जड.

बोर्खा घामाघूम होऊन परतला तेव्हा ती पोटावर हात ठेवून उभी होती. त्याने मेनूकार्ड पुढे केलं. तिने ते उघडलंसुद्धा नाही. ‘‘नको, नको,’’ हसून म्हणाली, ‘‘आता रात्रीपर्यंत पाणीसुद्धा जाणार नाही.’’ तीन बिअरचे पैसे ठेवले, मास्तरांशी हात मिळवला, आणि गेली.

खिडकीत आंगुस्तियास आली. हातात मटणाच्या पातेल्याचं झाकण तसंच. तिने कापड घातलेलं रिकामं टेबल बघितलं, मग काउंटरवर एकात एक ठेवलेल्या बशा बघितल्या.

‘‘तिच्या?’’

‘‘हो.’’

‘‘तीन?’’

‘‘तीन.’’

ती शिव्या देईल म्हणून मी थांबलो. तिने झाकण पातेल्यावर ठेवलं आणि खिडकीचं दार लावून घेतलं. ते दार लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मटण त्या दुपारी कुणालाच मिळालं नाही.

पुढचे नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी आकडे सांगायचे, तिने बशा सरकवायच्या. मी दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा बशीच आली. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि मला लाज वाटली की मी गिऱ्हाइकांवर जास्तच भुंकतो, तेव्हा बारमध्येही सगळे वैतागले होते.

दहाव्या दिवशी बोर्खा वरून धावत आला आणि त्याने मला मिठीच मारली. बाईने कंपनीला कळवलं होतं की मेनूकार्डाची गरजच नाही. पेल्याबरोबर न मागता खायला येतं, शेजारी इथली खरी माणसं उभी असतात, वेटर छान खडूस आहे, सगळे गट इथेच पाठवा. ‘‘तू जिंकलास, मित्रा,’’ बोर्खा म्हणाला. ‘‘मी चुकलो. तुझंच बरोबर होतं. बशा राहणार. आंगुस्तियास राहणार.’’

मी काय शेखी मिरवली त्या दिवशी. खिडकीत जाऊन म्हणालो, ‘‘काय म्हणत होतीस, थोबाड ताळ्यावर ठेव?’’ ती रडली थोडी, आणि मग मला मूर्ख म्हणाली, म्हणजे बोलायला लागली. रविवारी तिने पुन्हा करडू केलं. तिसरी बशी म्हणून सगळ्या बारला दिलं. मास्तरांनी हाडं चोखून ठेवली.

मे महिन्यात माणसं यायला लागली.

एकदम चाळीस. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर एका रंगाच्या टोप्या, पुढे छत्री उंच धरलेली एक मुलगी. ‘‘आता तुम्ही एक पेय मागवा,’’ ती त्यांना सांगायची, ‘‘आणि चमत्कार बघा.’’ चाळीस छोट्या बिअर. चाळीस पहिल्या. मग चाळीसजण फोन रोखून माझ्या हाताकडे बघत उभे. एकाला मासा चालत नाही, दुसरीला गहू चालत नाही, तिसऱ्याने कुठेतरी वाचलंय की तिसरी बशी चांगली असते, तर त्याला पहिल्याच पेल्याला तिसरी हवी. एक म्हातारा मला म्हणाला, ‘‘जरा खडूसपणे बोला ना, माझी बायको व्हिडिओ घेतेय.’’ मी त्याला जे बोललो ते आता कुठेतरी परदेशात लोक जेवताना बघत असतील. पंधराव्या मिनिटाला छत्री वर जायची आणि सगळे निघून जायचे. दुसरा पेला कुणी घ्यायचंच नाही. अर्ध्या तासाने पुढचे चाळीस.

चाळीस पहिल्या एका वेळी करून दाखवा कुणीतरी. आंगुस्तियास तीन आठवडे झगडली. मनगटाला पट्टी बांधून संत्री सोलायची. मग एका सकाळी बोर्खा पिशव्या घेऊन आला. गोठवलेल्या क्रोकेट, म्हणजे नुसत्या तळायच्या वड्या. ‘‘तुझ्या हाताला आराम,’’ तो तिला म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. ‘‘तुझी नोकरी कुठेही जात नाही. पगारही तोच.’’ भिंतीवर मेनूकार्डातली एक ओळ मोठी करून लावली होती: ‘आजीच्या हातची’. आंगुस्तियासच्या हातात कात्री आली. पिशवी कापायची, तळणीत ओतायची, बशीत दोन टाकायच्या. पहिली नाही, दुसरी नाही. मला आकडे सांगायचं कामच उरलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून नुसतं ‘‘चाळीस’’ म्हणायचो.

मास्तरांचा कोपरा टोप्यांनी भरलेला असायचा. ते दारातून बघून परत जायचे. एकदा मी दोघांना ढकलून त्यांना आत घेतलं. त्यांनी पहिली बिअर घेतली, दोन क्रोकेट आल्या. दुसरी घेतली, दोन क्रोकेट आल्या. तिसऱ्या पेल्याबरोबरही दोन क्रोकेट ठेवल्या तेव्हा त्यांनी बशी वाकड्या बोटाने जरा फिरवली.

‘‘एलादियो,’’ ते म्हणाले, ‘‘ही कितवी रे?’’

मी पुढचे पेले भरायला वळलो. ते पुन्हा आले नाहीत. खालच्या चौकातल्या बाकावर पाव खाताना सुताराने त्यांना बघितलं म्हणे.

जूनच्या शेवटी, एका मंगळवारी, दुपारी दोनचा गट आत होता. खिडकीतून बशा यायच्या थांबल्या. मी दोनदा हाक दिली. मग बाजूचं दार उघडलं आणि आंगुस्तियास बाहेर आली. सव्वीस वर्षांत ती कामाच्या वेळी त्या दारातून बाहेर आलेली मी बघितली नव्हती. अॅप्रन काढून हातावर घेतला होता. ती टोप्यांमधून वाट काढत काउंटरच्या पलीकडे गेली, गिऱ्हाइकांच्या बाजूला, मास्तरांच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि काउंटरवर बोट वाजवलं.

‘‘एक छोटी बिअर.’’

‘‘आंगुस्तियास, चाळीस माणसं उभी आहेत.’’

‘‘मी एकेचाळिसावी. बिअर दे.’’

मी बिअर भरली. माझ्या डाव्या हाताशी बशा होत्या, दोन-दोन क्रोकेट घातलेल्या, तिनेच आत्ता पिशवी कापून तळलेल्या. हात सवयीने तिकडे गेला. बशी उचललीसुद्धा. ती माझ्याकडे बघत होती, बशीकडे नाही. मी बशी खाली ठेवली. पेला उचलला, तिच्यापुढे ठेवला आणि हात मागे घेतला. शेजारी काही नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणापुढे नुसता पेला ठेवला.

तिने तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही. तोंड पुसलं.

‘‘हेच त्या गुरुवारी का नाही जमलं तुला?’’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. अॅप्रनची नीट घडी केली, पेल्याशेजारी ठेवली, आणि त्या टोप्यांमधून बाहेर पडली.

पेन्शनला तिची पावणेचार वर्षं राहिली होती. बोर्खाने तिला दोनदा फोन केला, ती आली नाही. मी एकदा घरी गेलो होतो, तिच्या नवऱ्याने दार उघडलं नाही.

त्या मंगळवारी छत्रीवाल्या मुलीने माझ्या कोपराला हात लावला. ‘‘माफ करा,’’ ती म्हणाली, ‘‘त्या बाईंना आधी मिळालं. आमच्या चमत्काराचं काय झालं?’’

मी आत गेलो, आणि कात्री कुठे ठेवलीय ते शोधायला लागलो.